टिप्याचा टँकर

तुझ्या अल्सेशियनचं कौतुक ऐकलं, आता आमच्या टिप्याचं ऐक. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता अन् दुष्काळ पडला होता. अहमदपूरला आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. टिप्या ऐन जवानीत. टँकर थांबला की मागच्या एका चाकावर तंगडी वर करायचा अन् गप बसायचा. लोक म्हणायचे, "खच्ची करा ह्याला." माय म्हणायची, "राहू द्या, त्याचा टँकर हाय."

एक दिवस टँकर अर्धाच आला. डायवर म्हणला, "थेट विहिरीवरून यायलोय मावशी. टाकी लई गळती." तवर टिप्यानं चाक हुंगलं, गुरगुरला अन् एकही चाक न सोडता सगळ्यांवर मुतून आला.

माय म्हणली, "दुसऱ्या कुत्र्याचा वास आल्याबिगर ह्यो असं करत न्हाई. आधी कुठं पाणी सोडलंस?"

डायवरनं मान खाली घातली. "नव्या सायबाच्या बंगल्यावर. तिथं कुत्रा हाय."

दुसऱ्या दिवशी टँकर परत अर्धाच. पण टिप्यानं आपलं एकच चाक भिजवलं अन् बसला. डायवर खुशीत हसला. मायनं दुसऱ्या चाकाला हात लावून बघितला. तेही ओलं.

"गावाला प्यायला थेंब न्हाई, अन् तू चाकं धुऊन आलास?"

तिसऱ्या दिवशी टँकर काठोकाठ भरून आला. टिप्यानं निवांत तंगडी वर केली. खच्ची करा म्हणणारेसुद्धा हातात घागरी धरून, त्याचं होईस्तोवर गुमान थांबले.