फक्त मालक बदललाय!

...अहो नाही, मी म्हणतो, रिकामी जागा म्हणजे असतं काय? काही नसतं! पण त्या काही नसण्यानं आमच्या मेहुण्याला पार रडकुंडीला आणलं. तुम्हाला सांगतो, हा मेहुणा डोळ्यांच्या हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे तळघरात घोंघावणारं ते कपाट हो, नीट चाललं की कुणाला आठवत नाही आणि अडलं की सगळ्यांना मेहुणाच आठवतो! त्या सकाळी स्कॅनच्या खोलीत नवी टेक्निशियन रुजू झाली, तिचं फोल्डर तिच्या नावावर करायचं होतं. एवढंच! यानं हुकूम टाइप केला, 'या फोल्डरचा, आतल्या गोतावळ्यासकट, मालक बदल'... आणि फोल्डरच्या नावाआधी जी तिरकी रेघ असते, तिच्यापुढे अंगठ्यानं एक स्पेस पडली. ती रेघ एकटी पडली की तिचा अर्थ काय? अख्खा सर्व्हर! झालं! खुर्ची गरम व्हायच्या आत ती पोर हॉस्पिटलच्या एकूण एक फाईलची मालकीण!

लगेच फोन. रिसेप्शनवरच्या मावशी, "अहो, हा कॉम्प्युटर म्हणतो परवानगी नाही! इथं केस पिकले माझे, आणि मला परवानगी नाही?" बाहेर बाकांवर पेशंट, डोळ्यांत थेंब घातलेले, त्यांना काही दिसत नाही; आत डॉक्टर, त्यांनाही स्क्रीनवर काही दिसत नाही. समानता म्हणतात ती हीच! आणि मेहुणा आपला घाम पुसत, "मावशी, डिलीट काहीच झालं नाही, फक्त मालक बदललाय!"

फक्त! घरी येऊन कुणी सांगितलं, भिंत पडली नाही हो, फक्त मालक बदललाय, तर तुम्ही चहा पाजाल त्याला?

तेवढ्यात मोठे सर्जन. ज्यांच्या पावलांच्या आवाजानं नर्स ताठ होतात, ते स्वतः जिना उतरून खाली! "माझ्या पेशंटच्या डोळ्याचा पडदा सुटलाय. शाळेत शिकवतात त्या. आज ऑपरेशन झालं नाही तर डोळा जाईल. स्कॅन कुठाय?"

"सर, डिलीट काहीच झालं नाही, फक्त..."

"हे त्यांना सांगू?"

त्यात मॅनेजर आले. यांना प्रत्येक आजारावर एकच औषध ठाऊक, "बंद करून चालू करा की!" हात थेट बटणाकडे! मेहुणा मध्ये आडवा पडला. खोटं नाही, आडवा! का? तर स्क्रीनवर सर्वाधिकारांची एकच खिडकी उघडी राहिलेली. ती मिटली तर पुन्हा अधिकार मागायचे कुणाकडं? मागायच्या प्रोग्रामचाही मालक बदललेला!

आणि तसं आडवं पडल्या पडल्या त्याला सुचलं... अरे, सगळ्याची मालकीण आहे ना! तिला उघडेल!

धावले सगळे. ती बिचारी मुसमुसत, "मी कशालाही हात लावला नाही हो!"

"तुम्ही नाही केलं, तुमच्या नावानं झालंय. आता कृपा करा, तो स्कॅन उघडा."

उघडला! सर्जन तिच्या खुर्चीमागं वाकून, "ताई, जरा मोठं करता का?" आणि ती डोळे पुसत, "थांबा सर, हलू नका, तुमचा पाय वायरवर आहे." ऑपरेशन झालं. बाईंचा डोळा वाचला. मेहुण्यानं तोंड धुतलं आणि तो निस्तरायला लागला.

या सर्व्हरचं एक जुळं भावंड आहे. त्याला विचारायचं, तुझ्याकडं ही फाईल कुणाची? मग इथं तसंच लावायचं. दिवसभर तेच. पण सर्वांचं सामाईक फोल्डर जुळ्याकडं नव्हतं हो! मग हा दारोदार, "ही फाईल कुणाची?" परिषदेतल्या फोटोंना दावेदार किती! आणि वार्षिक अहवालाला? कुणी नाही! मॅनेजर म्हणाले, "डिलीट काहीच झालं नाही ना? मग बेवारस ते तूर्त तुमच्या नावावर टाका." टाकलं यानं. भोळा!

सोमवारी संचालकांचं बोलावणं, "अहवालात चुका फार आहेत, आणि मालक म्हणून तुमचं नाव दिसतंय."

आता मेहुणा काय करतोय? मोतीबिंदूची वेलांटी सुधारतोय.