डबाभर अंबाडीच्या भाकरी

शेलूबाजारच्या फाट्यावर वैजयंती जीपमध्ये बसून ती भरायची वाट पाहत होती. समोर दोघी तरण्या बाया कुजबुजत होत्या.

“काहून रडवेली झाली वं, निते?”

“मागच्या महिन्यात वाशिमच्या सेवा क्लबात घरच्या रेसिपीचा कार्यक्रम होता ना? आत्याबाईची अंबाडीची भाकर कोणी शिवलीबी नाही, अंजू. मी घरी सांगतलं, सारी फस्त झाली.”

“मंग?”

“मंग आज त्या डबल करून सोता संगं निघाल्या!”

“माय वं! आता?”

तेवढ्यात पान चघळत निताची सासू चढली. जीप निघाली.

“डबा सांभाळ, पोरी. आज बाया तुटून पडतीन.”

“आत्याबाई, भूक लागली. एक खाऊ?”

“क्लबाची हाय ना ते!”

निताने डबा उघडलाच. “दादा, घ्या. मावशी, तुमीबी घ्या.”

“झकास हाय, काकू! अजून एक द्या,” ड्रायव्हर म्हणाला.

“घे बापा. अंबाडी उकडून पिठात मळ्याची, वरून लसूण-मिरची... अवं निते, पुरे! क्लबात काय देऊ?”

वाशिम आलं. डब्यात दोनच उरल्या होत्या.

“मावशी, घ्या ना,” निता वैजयंतीला म्हणाली. “घ्याच.”

वैजयंतीचं पोट केव्हाच भरलं होतं. तिने पदर पसरला.