बेचाळीस टक्के कशाचे?

नाही, पण टाळ्या वाजवायच्या आधी माणसाने एकदा तरी विचारावं की नाही, कशासाठी वाजवतोय म्हणून? मी नाही विचारलं! तुम्हाला सांगते, अख्ख्या दुकानात सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर त्या मी... आणि कशासाठी, तर माझंच काउंटर बंद पडणार म्हणून!

म्हणजे तसं कुणी म्हणालं नव्हतं हो. नुसतं सांगितलं, तिमाही निकाल आहे. आता निकाल म्हटलं की मला आधी शाळाच आठवते. माझा शेवटचा निकाल सातवीचा, त्यानंतर घरच्यांनी माझ्या शाळेचाच निकाल लावला. तर सकाळी सव्वानऊला, दुकान उघडायच्या आधी, आम्हा सगळ्यांना ट्रॉल्यांच्या रांगेपाशी उभं केलं. केवढं मोठं दुकान आमचं! खाली किराणा, वर कपडे आणि मोठ्यांचे बूट, त्याच्या वर भांडी, आणि जिन्याच्या कोपऱ्यात लहान मुलांचे बूट. तो कोपरा माझा. भिंतीवर पडदा, पडद्यावर हेड ऑफिसचे मोठे साहेब, आणि साहेबांच्या शेजारी एक हिरवी रेघ, चढतेय, चढतेय, थांबायचं नाव नाही! साहेब म्हणाले, "ऑनलाइन विक्री बेचाळीस टक्क्यांनी वाढली!" आमच्या मॅनेजरांनी सुरुवात केली, त्यांच्या मागून सगळ्यांनी... आणि मी टाळ्या वाजवल्या.

मग केक. केकवरही तीच रेघ, हिरव्या क्रीमची! माझ्या वाट्याला नेमकं रेघेचं वरचं टोक आलं, म्हटलं शकुन चांगला आहे, आणि ते मी कागदात गुंडाळून चिमणीसाठी ठेवलं. चिमणी म्हणजे माझी लेक, अडीच वर्षांची. कागद नीट बांधते न बांधते तोच मॅनेजर आले. मॅनेजर चांगले आहेत हो, फक्त वाईट बातमी द्यायची असली की आधी तब्येत विचारतात.

"काय, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे साहेब. का? काय झालं?"

"मुलगी कशी आहे?"

मुलगी पण विचारली! म्हणजे बातमी डबल वाईट!

"त्याचं काय आहे," म्हणाले, "ग्राहक आता ऑनलाइन गेलाय. आणि तुमच्या काउंटरची विक्री... कसं सांगू... शून्याच्याही खाली आहे. पुढच्या महिन्यापासून काउंटर बंद. पण नोकरी आहे हं! गोडाऊनला. पॅकिंग. सकाळी सहा ते दोन."

सहा! अहो, पाळणाघर उघडतं आठला! आमचे हे दुधाची गाडी चालवतात, ते चारला घराबाहेर. मग सहा ते आठ चिमणी कुठे ठेवू, ट्रॉलीत? आता आहे ते कसं छान बसलंय, साडेनऊ ते तीन, सव्वातीनला मी पाळणाघराच्या दारात. आणि हे सगळं मोडणार कशामुळे, तर त्या हिरव्या रेघेमुळे, जिच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या!

संध्याकाळी यांना सांगितलं. हे गाडीतले दुधाचे कॅन धूत होते, हात न थांबवता म्हणाले, "त्यात काय एवढं? दोन तास शेजारच्या काकूंकडे ठेव."

"काकूंच्या गॅलरीचे गज बघितलेत?"

"गजांना काय झालंय?"

"मी वीत लावून मोजलंय. मधून डोकं जातं."

"अगं, कुणाचं डोकं?"

"कुणाचं म्हणजे? चिमणीचं!"

"तू शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाऊन वीत लावून आलीस?"

"घर भाड्याने घेतलं त्याच दिवशी!"

यांनी तोच कॅन परत एकदा धुतला. पण माझं त्याच वेळी ठरलं, गोडाऊनला जायचं नाही. काउंटर सोडायचं नाही. हलवायचं असेल तर मला कोपऱ्यासकट उचला!

पण रात्रभर एकच किडा डोक्यात, विक्री शून्याच्या खाली जाते कशी? नाही विकलं तर शून्य, हे मला कळतं. उणे विकायला मी काय रस्त्यावर उभी राहून बूट वाटत होते? दुसऱ्या दिवशी बिलाच्या काउंटरवरच्या वहिनीला धरलं. वहिनी म्हणजे सगळ्या दुकानाचीच वहिनी, तिला सगळ्यांचं सगळं माहीत. तिने मशीनवर बघितलं आणि म्हणाली, "अगं, ऑनलाइन मागवलेले बूट लोक परत कुठे आणून देतात?"

"माझ्याकडे."

"मग ते वजा कुणाच्या खात्यातून होणार?"

"कुणाच्या?"

"तुझ्या!"

ऐकलंत? बूट विकला गेला तो ऑनलाइनच्या नावावर, परत आला तो माझ्या नावावर! मूल हुशार निघालं की बापावर गेलंय आणि चप्पल फेकून मारली की आईवर गेलंय, तसलाच हिशोब! माझ्या सासूबाईंनी काढला असता तर मी समजू शकले असते, पण एवढी मोठी कंपनी?

आणि ऑनलाइन जातं कोण, सांगू? माझीच गिऱ्हाइकं! लेकराला घेऊन येतात, मी खाली बसते, लोखंडी मापावर इवलंसं पाऊल ठेवते, बोटं सरळ करते, पोरगं लाथ मारतं, ती खाते, आणि सांगते, "सहा नंबर." की आईने फोन काढलाच! "झाली ऑर्डर, ताई!" अहो, सहा नंबर हा बघा, माझ्या हातात आहे! तर म्हणे, "फोनवर स्वस्त आहे." तीच कंपनी, तोच बूट, तोच खोका! आणि एखाद्या आजोबांना फोन जमला नाही, तर बटण कोण दाबून देतं? मी! हौस ना! "आणा आजोबा, मी करून देते." निदान माप घेऊन मागवतात ते तरी बरे. बाकीचे घरबसल्या अंदाजाने मागवतात आणि चार दिवसांनी खोका घेऊन माझ्यासमोर हजर, "बूट लहान आला हो ताई!" लहान बूट नाही आला बाई, तुझं लेकरू मोठं झालं!

तर माझ्याच काउंटरला कुलूप लावायचं बटण इतके दिवस मीच दाबत होते. आणि वर मी टाळ्या वाजवल्या!

तेवढ्यात कळलं, पंधरा दिवसांनी मोठे साहेब स्वतः दुकान बघायला येणार. म्हटलं, येऊ देत. आमच्या सातवीच्या बाईंनी एक गोष्ट छडी आपटून शिकवली होती. टक्के दिसले की आधी विचारायचं, कशाचे? बाकी गणित मी विसरले, छडी नाही विसरले.

ऑनलाइनचे बूट न्यायला लोक आमच्याच दुकानात येतात, तेही मीच देते. तेव्हा त्या पंधरा दिवसांत गेलेल्या प्रत्येक जोडाची मी कॅलेंडरच्या मागे रेघ मारली. माझी रेघ, हिरवी नाही, साधी पेन्सिलची. पन्नास जोड गेले. बावीस परत आले. आणि त्या बाविसात मी माप घेऊन दिलेला एक नाही! एकसुद्धा! ते बावीस खोके मी गोडाऊनच्या गाडीला दिलेच नाहीत, काउंटरवर भिंतीसारखे रचले.

मॅनेजर म्हणाले, "हे काय मांडलंय?"

मी म्हटलं, "निकाल."

ते एवढे घाबरले की तब्येत विचारायचीसुद्धा विसरले.

साहेब आले. पडद्यावर केवढे मोठे दिसत होते, पण समोर पाहिलं तर चांगलेच पोरसवदा, आणि चालत होते असे जसं काही फरशी तापलीय. मी बूटवाली बाई, मला माणसाचं तोंड नंतर दिसतं, पाय आधी. मी नुसतेच हात पदराला पुसतेय. पण डोळ्यांसमोर काकूंच्या गॅलरीचे गज आले आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, ते बेचाळीस टक्के कशाचे?"

"म्हणजे?"

"गेलेल्या बुटांचे, का पायात राहिलेल्या?"

मॅनेजरनी डोळे मिटले. साहेब खोक्यांकडे बघायला लागले. मी एका दमात सगळं सांगितलं, पन्नास गेले, बावीस आले, म्हणजे शेकडा चव्वेचाळीस, वजा माझ्या खात्यात, जमा ऑनलाइनच्या... आणि शेवटी काय झालं मला, कुणास ठाऊक, म्हटलं, "साहेब, बूट काढा."

"माझे?"

"लंगडताय तुम्ही. उभे राहा इथे, दोन्ही पायांवर भार द्या. बसून माप घेतलं की पाय खोटं बोलतो."

लहान मुलांच्या मापावर साहेबांचं पाऊल मावेना, मग वरच्या मजल्यावरून मोठं माप मागवलं. सगळं दुकान गोळा झालं होतं. टाचेला हा फोड!

"डावा आठ, उजवा साडेआठ," मी म्हटलं. "आणि घातलेत किती? सात! हे घेतले कुठून?"

साहेब आधी मॅनेजरकडे बघायला लागले, मग छताकडे. हळूच म्हणाले, "आपल्याच ॲपवरून. मी कॉलेजपासून सातच घालतो."

"कॉलेजपासून कंपनी एवढी वाढली साहेब, पाय नाही वाढणार?"

मागून वहिनी फिसकन हसली. साहेबही हसले, म्हणजे साडेआठ नंबर घातल्यावर हसले, त्याआधी नाही. म्हणाले, "काउंटर तीन महिने राहू दे. प्रयोग म्हणून. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी आधी यांच्याकडे माप द्यायचं." मी म्हटलं, "साडेनऊ ते तीन." ते म्हणाले, "साडेनऊ ते तीन." मी मॅनेजरना म्हटलं, "ऐकलंत ना?" दोनदा विचारलं. लिहूनही घेतलं.

तीन महिने मी पावलं मोजली हो! इतक्या लाथा खाल्ल्या की विचारू नका. आणि परवा पुढचा निकाल लागला. यावेळी दुपारी अडीचला, तोच पडदा, तेच साहेब, रेघ मात्र आणखी उभी! "ऑनलाइन वाढ एकावन्न टक्के! लहान मुलांचे बूट परत येणं निम्म्यावर! आणि याचं सगळं श्रेय आपल्या नव्या डिजिटल माप यंत्रणेला!"

डिजिटल माप यंत्रणा म्हणजे मी.

वहिनीने कोपर मारलं, "अगं, तुझं नाव?"

नाव गेलं खड्ड्यात! मी घड्याळ बघितलं, तीनला दोन मिनिटं कमी, पाळणाघर माझं जिथल्या तिथे, गजांना चिमणीचं डोकं लागलेलं नाही... आणि मी टाळ्या वाजवल्या. याही वेळी सगळ्यात जोरात! वाजवत वाजवतच पिशवी खांद्याला अडकवली, तर समोरून केकची बशी घेऊन मॅनेजर येताना दिसले.

"काय, तब्येत कशी आहे?"

मी बशीतला तुकडा उचलला आणि मुलीचं विचारायच्या आत दाराकडे पळाले. "उत्तम आहे साहेब! बिघडवायची असेल तर उद्या साडेनऊनंतर!"