भांडी रॉबिनची

वेल्समधल्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये मराठी कानावर पडलं, तशी सुप्रभाने हातातलं मासिक मिटलं. समोर एक म्हातारी आणि तिची भाची बसल्या होत्या.

"एस्थरमावशी, प्लीज, आज माझ्याकडे रहा. ते कम्यूनचं शेत सोड आता."

"रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो गं. भांडी रॉबिनची."

"रॉबिनला जाऊन किती वर्षं झाली! कम्यूनमधले सगळेच गेले."

"म्हणून काय झालं? मिळून पिकवायचं, मिळून खायचं, कामं वाटून घ्यायची. तीस वर्षांत मोडलं नाही. सकाळी भांडी घासलेली असतात."

"आणि तू गेलीच नाहीस तर?"

"शोधत येतील."

काउंटरवरच्या बाईने इंग्रजीत हाक मारली, "एस्थर, तुम्हाला न्यायला रॉबिन आलेत. हात ओले होते त्यांचे, टॉवेल दिलाय."