राणीच्या गालावरचे ओरखडे

शहात्तरच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, भिवंडीच्या एसटी स्टँडवर खारबावच्या गाडीसाठी उभा होतो. रांगेत माझ्यापुढे एक लूमवाला आणि त्याचा मेहुणा.

"त्या मुंबईच्या जाणकारानं सकाळी भिंग लावलं, दौलत, आणि माझे राणीछाप रुपये एकेक करून बाजूला सारले. म्हणाला, घासलेले हायत."

"मग बिघडलं काय, दाजी? स्वच्छ हायत ना?"

"राणीच्या गालावर नुसते ओरखडे. जुनं नाणं काळं असेल तर काळंच ठेवायचं. घासलं की त्याची प्रत उतरली."

"तुम्ही तर चकाकी बघून प्रत ठरवत व्हता."

"पाच वर्षं. दर लक्ष्मीपूजनाला माझ्या हातानं रांगोळीनं घासायचो."

"सगळे?"

"चाळीसच्या चाळीस. मग आठवलं, तुझ्या आईच्या डब्यात एक हाय. काळा कुळकुळीत, कधी कुणी घासलेला न्हाय. म्हणून तर तुझ्याबरोबर निघालो."

"दाजी, काल ताई आली व्हती घरी."

"भाऊबीजेला. मग?"

"दुपारभर तो रुपयाच घासत बसली. म्हणाली, यांना लख्ख आवडतात."