नानाकाकांची सही

तुम्हाला सांगतो, आपल्या रत्नागिरीत माणसाकडे काय वाट्टेल ते मागावं, पण सही मागू नये. दोन हजार दोन-तीनची गोष्ट. नोकरी सांभाळून मी फळबागेच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं. अभ्यासकेंद्रावरचे सर म्हणाले, "आधी केलेल्या कामाची फाईल कर. फोटो लाव, बागमालकाची सही आण. पटलं तर पहिलं वर्ष माफ."

वडिलांचे चुलतभाऊ नानाकाका, त्यांच्या बागेत मी शाळेपासून हापूसची कलमं बांधत आलोय. मजकूर लिहूनच नेला, 'हा अनेक वर्षं माझी बाग सांभाळतो.' काकांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"कूळ लावतोस काय रे माझ्या बागेला?"

"काका, कॉलेजात दाखवायचंय."

"आज कॉलेजात दाखवशील, उद्या तलाठ्याला, नि परवा बाग तुझ्या नावावर. चहा पी आणि जा."

फाईल परत दिली, तीही त्यातले बागेचे फोटो काढून घेऊनच!

सरांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. "काय एकेक संशयी माणसं असतात!"

म्हटलं, "सर, देवरूखला तुमची बाग आहे ना? या पावसाळ्यात तिथे कलमं बांधून दाखवतो. मग तुम्हीच सही द्या."

सरांचं हसू तिथेच थांबलं. फाईल मिटून ते म्हणाले,

"मासेमारीचं काही येतं का रे तुला? समुद्राला सातबारा नसतो."