माझ्या अक्षरातला ‘पडीक’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, जे नव्या वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेचेही अध्यक्ष आहेत, सत्कारमूर्ती नगररचना अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरील मान्यवर आणि कार्यालयातील माझ्या बंधू-भगिनींनो,

साहेब आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं नकाशे काढलेला आरेखक म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलंय. चार जमतील की नाही, ठाऊक नाही. एका शब्दाबद्दल मात्र नक्की बोलेन.

साहेबांचं काम सरळ. इतकं सरळ, की रस्त्याला वळण दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. वसाहतीतल्या नव्या रस्त्याचंच घ्या ना. पहिल्या आराखड्यात तो एकदा वळत होता. वळला असता, तर आपल्या अध्यक्षांच्या बंगल्याचं कुंपण सहा फूट आत सरकलं असतं. सरळ गेला, तर माझ्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका जात होती. रस्ता सरळ गेला. अध्यक्ष महोदय, आपण हसलात, बरं वाटलं.

पाहुण्यांसाठी आमच्या कामाची पद्धत सांगतो. त्या वेळी मंजुरीची प्रत ट्रेसिंग कागदावर शाईनंच काढायचो. चुकलं तर खोडरबर उपयोगाचं नाही. दाढीच्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडायची. अक्षर जातं, पण कागद तिथं खरखरीत होतो तो होतोच.

मी नकाशावर ‘रोपवाटिका’ लिहून तो साहेबांपुढे ठेवला. जागेची पाहणी झाली नेमक्या त्याच आठवड्यात ताईनं रोपं सावलीत हलवून वाफे खणून ठेवले होते. साहेबांनी पाहणीचे फोटो माझ्याकडे सरकवले आणि विचारलं, यात उगवलेलं काय दिसतंय तुम्हाला? मी म्हणालो, आत्ता काही नाही, साहेब.

“मग पडीक लिहा,” साहेब म्हणाले.

मी ब्लेड उचललं. का उचललं? प्रमुख आरेखकाची जागा रिकामी होणार होती, हे एक. दुसरं कारण मी स्वतःलाच सांगत आलो, की हरकती मागवतील, सुनावणी होईल, ताई बोलेल आणि चूक दुरुस्त होईल. सुनावणीवर एवढा विश्वास या कार्यालयात माझ्याखेरीज कुणाचा नसावा.

सुनावणी याच सभागृहात झाली. ताई हातात दोन कुंड्या घेऊन आली आणि तिनं त्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी अतिशय नम्रपणे तिला सांगितलं, की नकाशात इथं पडीक जमीन आहे आणि नकाशात नाही ते विचारात घेता येत नाही. ताईनं चष्मा लावला. तिचं बोट नकाशावरून फिरत त्या शब्दावर आलं आणि तिथंच थांबलं.

मला ‘क’ गिरवायला ताईनं शिकवलं. आई कामावर गेली, की हीच माझा हात धरून पाटी भरून घ्यायची. पुढे तिच्या रोपांच्या नावांच्या पत्र्याच्या पट्ट्या पंधरा वर्षं, दर रविवारी, मीच रंगवल्या. ती साहेबांशी वाद घालत बसली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “अक्षर छान आलंय रे.” आणि कुंड्या उचलून निघून गेली.

रस्ता झाला, दिवे लागले, मी प्रमुख आरेखक झालो. ताईच्या ओट्यावर आता वीसेक कुंड्या उरल्यात. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी पट्ट्या तीच लिहिते. मी ब्रश घेऊन गेलो, तर चहा देते, पट्ट्या देत नाही. मला लाज वाटते, साहेब. तुमचा रागही येतो, पण तुम्ही नुसता शब्द सांगितलात. लिहिला मी.

मघाशी टाळ्यांच्या गजरात तुम्हाला दिलेलं मानपत्रही माझ्याच अक्षरात आहे. घाईत ते कुणी वाचून दाखवलं नाही. घरी गेल्यावर सावकाश वाचा. तिसऱ्या ओळीत ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि’ याच्यापुढे बोट फिरवलंत, तर कागद खरखरीत लागेल. कार्यालयानं दिलेल्या मजकुरात तिथं ‘न्यायी’ होतं. काल मी ते ब्लेडनं काढलं. दुसरा शब्द लिहिलेला नाही. ती जागा पडीक आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. त्या मोकळ्या जागेबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.